लिबर्टेरियन चष्म्यातून इतिहास वाचायचा, तर आयर्लंडचं काय करायचं?

निळी_शाई (धागाकर्ती):

दिवाळीत भाचा घरी आला होता. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो माझ्याशी वाद घालायला तयारीनिशीच येतो. चकली मोडता मोडता म्हणाला, "मावशी, तू शिकवलास तो सगळा सरकारांचा इतिहास. गादीवर कोण आलं, कायदा कोणी केला. त्या कायद्यानं ज्याचा धंदा बसला, त्याचा धडा कुठल्या इयत्तेला होता?" माझ्या तोंडात चकली होती, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही. नंतरही सुचलं नाही.

तो स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो. त्याच्या मते सरकारनं पोलीस, न्यायालय आणि सीमा सांभाळाव्यात, बाकीचं माणसं आपापसातल्या करारांनी बघून घेतील. जगाचा इतिहास म्हणजे पिकवणाऱ्यांची आणि हिसकावणाऱ्यांची झटापट, इतकं सोपं. जाताना तीन उदाहरणं देऊन गेला: रोमन सम्राट डायोक्लेशियनचं इ. स. ३०१ चं भावनियंत्रण, इंग्लंडचे कॉर्न लॉज आणि हाँगकाँग.

मी कॉर्न लॉज वाचायला घेतले आणि खरंच गुंतले. १८१५ च्या कायद्यानं ठरवलं की देशातला गव्हाचा भाव एका क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्रजी माप) ८० शिलिंगवर जाईपर्यंत बाहेरचा गहू विकायचा नाही. संसदेत जमीनदार बसलेले, त्यामुळे कायदा त्यांच्याच सोयीचा. गिरणीकामगाराची निम्मी कमाई पावात जायची. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात लोक मताधिकार मागायला जमले, तेव्हा त्यांच्या निशाणांवर कॉर्न लॉजचाही निषेध होता. घोडदळ घातलं गेलं आणि माणसं मेली. पुढे त्याच मैदानावर मुक्त व्यापारवाल्यांनी 'फ्री ट्रेड हॉल' उभारला. रिचर्ड कॉब्डेन हा कापडछपाईवाला आणि जॉन ब्राइट यांनी एका पेनीच्या नव्या टपालातून पत्रकांचा पाऊस पाडला. शेवटी १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पीलनं स्वतःचा पक्ष फोडून घेतला, पण कायदा रद्द केला. इथवर भाच्याचं म्हणणं मला पटलं.

पण त्याच वर्षी शेजारी आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा येऊन माणसं मरत होती, आणि लंडनमधले अधिकारी मुक्त व्यापाराचंच नाव घेऊन हात आखडत होते. तेव्हा माझा प्रश्न असा: हा चष्मा लावल्यावर आयर्लंड कसं दिसतं? की तेवढ्यापुरता चष्मा काढून ठेवायचा?

---

चिंचोके:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कॉर्न लॉज रद्द झाल्यापासून बरे स्वस्त मिळतात.

---

रविवारची_दुपार:

चिंचोके, तिकडे कॉर्न म्हणजे गहू, सातू, ओट वगैरे. मका नव्हे. तुमच्या पॉपकॉर्नचा संबंध नाही.

---

चिंचोके:

म्हणजे विनोदावरसुद्धा नियंत्रण. मी आजपासून लिबर्टेरियन.

---

डब्लिनवारी:

खरं तर मक्याचा संबंध आहे! १८४५ च्या शेवटी पीलनं गुपचूप एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून मागवला होता. गुपचूप अशासाठी की व्यापारी बिथरू नयेत. आयरिश लोकांना तो दळायचा कसा आणि शिजवायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. कच्चा-पक्का खाऊन पोटं बिघडली आणि लोकांनी त्याला 'पीलचं गंधक' असं नाव ठेवलं.

मी नऊ वर्षं डब्लिनला आहे. ऑफिसला जाताना लिफी नदीच्या धक्क्यावरून जावं लागतं. तिथे दुष्काळाचं स्मारक आहे, काशाचे पुतळे. चबुतरा नाही, कुंपण नाही, फुटपाथवरच उभे. हडकलेली माणसं बंदराच्या दिशेनं चाललीत, एकाच्या खांद्यावर मान टाकलेलं मूल आहे, आणि मागे एक कुत्रं. पावसाळी सकाळी छत्री घेऊन आपण त्यांच्यामधून वाट काढतो, तेव्हा क्षणभर आपणही त्याच रांगेत असल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षी मी रस्ता बदलला होता.

साधारण दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. ताईंनी जो प्रश्न विचारलाय तो इथे पबमध्ये विचारला तर रात्र पुरणार नाही.

---

खुला_बाजार:

धागाकर्तीताई, मी त्याच गोटातला, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्याकडे येते.

आयर्लंड हे मुक्त बाजाराचं उदाहरणच नाही. सतराव्या शतकात इंग्रज सेनानी क्रॉमवेल आणि इतरांनी कॅथलिकांच्या जमिनी काढून आपल्या माणसांना वाटल्या. त्यानंतरच्या कायद्यांनी कॅथलिकाला जमीन विकत घ्यायची मनाई, ३१ वर्षांहून लांब भाडेपट्टा घ्यायची मनाई, आणि बाप मेला की जमीन सगळ्या मुलांत फोडायची सक्ती केली. थोरला प्रॉटेस्टंट झाला तर मात्र सगळी त्याची! हे कायदे हळूहळू मागे घेतले गेले, पण तोवर जमीन हातची गेली होती. उरला तुकडा, आणि तुकड्यावर कुटुंब जगवणारं पीक एकच, बटाटा. दीडशे वर्षं सरकारनं माणसाचे पाय बांधून ठेवायचे आणि आग लागल्यावर म्हणायचं, 'आम्ही ढवळाढवळ करत नाही, पळा.' याला बाजार म्हणायचं का?

आमच्या गोटातला तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक, त्यानं हे मांडलंय. मालकी न्याय्य कधी? मुळात न्यायानं मिळवली असेल आणि न्यायानं हस्तांतरित झाली असेल तर. मूळ मिळकतच लुटीची असेल तर ती दुरुस्त करणं हा त्याच्या सिद्धांताचाच भाग आहे. लोक पहिले दोन भाग वाचतात आणि तिसरा सोडतात. आमच्यातलेसुद्धा, हे कबूल.

---

डब्लिनवारी:

खुला_बाजार, जमिनीच्या लुटीबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग १८४७ चं काय? त्या वर्षी उन्हाळ्यात सरकारनं सार्वजनिक स्वयंपाकघरं उघडली. मोठ्या कढया, रोजचं सूप. ऐन भरात दिवसाला तीस लाख लोक जेवत होते. सगळ्या उपायांत लागू पडला तो हा एक, आणि तो सरकारी होता. शरद ऋतू आला आणि योजना गुंडाळली, भार स्थानिक करांवर टाकला. वर अट घातली की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. म्हणजे खायचं असेल तर जमीन सोड. लोकांनी सोडली. तिजोरीखात्यात हे सगळं हाकणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन होता, आणि त्याच्या डोक्यात बाजाराचीच सूत्रं होती.

---

खुला_बाजार:

ती स्वयंपाकघरं आधी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी स्वतःच्या पैशानं सुरू केली. सरकारनं नंतर तीच पद्धत उचलली. आणि पाव एकराची अट ही संसदेनं कायद्यात घातलेली. बाजारानं नव्हे.

---

डब्लिनवारी:

क्वेकरांचा मान मोठाच, इथे आजही आहे. पण १८४७ मध्येच त्यांना कळून चुकलं होतं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. तीस लाखांना जेवू घालायची ताकद त्यांच्याकडे नव्हती. एवढंच म्हणायचंय.

---

जुना_गूळ:

डब्लिनवाल्यांनी ट्रेव्हेलियनचं नाव काढलं म्हणून लिहितो. निवृत्त माणसाला वेळ असतो, चालवून घ्या.

कॉर्न लॉजविरुद्ध रान उठवायला १८४३ साली 'द इकॉनॉमिस्ट' निघालं. काढणारा जेम्स विल्सन, टोप्या बनवणारा धंदेवाईक, मुक्त व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता. आता हा विल्सन पुढे कुठे गेला? आपल्याकडे! १८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार राणीकडे गेला, खजिना रिकामा झाला, म्हणून १८५९ मध्ये याला अर्थसदस्य करून कलकत्त्याला धाडलं. आल्या आल्या १८६० मध्ये यानं हिंदुस्थानात पहिल्यांदा आयकर लावला. मुक्त व्यापाराचा पोपट आणि आयकराचा बाप एकच! दरवर्षी जुलैत मी त्याची मनोभावे आठवण काढतो.

त्या कराला जाहीर विरोध कोणी केला? मद्रासच्या गव्हर्नरनं, आणि तो होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. आयर्लंडचाच. म्हणाला खर्च कमी करा, नवे कर लादू नका. विरोधाचं टिपण वर्तमानपत्रांना देऊन बसला म्हणून त्याला परत बोलावलं. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात आजारी पडून वारला. काही वर्षांनी त्याच अर्थसदस्याच्या खुर्चीत ट्रेव्हेलियन येऊन बसला.

आता भाच्याला विचारा, यातला नायक कोण?

---

शंकेखोर:

जुना_गूळ काका, दंडवत. आयकराबाबत ट्रेव्हेलियन माझा नायक, आयर्लंडबाबत खलनायक. मार्चमध्ये मतं बदलतात.

---

चिंचोके:

आणि ईस्ट इंडिया कंपनी? खासगी कंपनी, भागधारक, सरकार नाही. लिबर्टेरियन स्वर्गच की!

---

खुला_बाजार:

चिंचोके, हा टोमणा मला महिन्यातून दोनदा मिळतो. ती कंपनी १६०० सालच्या राजाज्ञेवर उभी होती. इतर इंग्रजांनी पूर्वेकडे व्यापार करायचा नाही, केला तर गुन्हा. १८१३ मध्ये हिंदुस्थानातली मक्तेदारी गेली आणि चहा-चीनची १८३३ मध्ये. तिच्यावर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत अॅडम स्मिथ होता. व्यापाऱ्यानं राज्य केलं की तो वाईट राजा होतो आणि वाईट व्यापारीही, असा त्याचा एकंदर सूर. तेव्हा ती आमच्या खात्यावर टाकू नका.

---

चिंचोके:

बरं, टाकत नाही. पण तुमच्या खात्यावर नक्की कोण आहे ते एकदा सांगा. जो कोणी दाखवावा तो 'आमचा नव्हे'.

---

रविवारची_दुपार:

चिंचोकेंनी थट्टेत मर्मावर बोट ठेवलं. यश आलं तर बाजाराचं, बिघडलं तर 'तो खरा बाजारच नव्हता'. हे आमच्या कॉलेजातले मार्क्सवादी करायचे. रशिया म्हणजे खरा समाजवाद नव्हे, चीन नव्हे, मग उरतो कोण?

हाँगकाँगचंही तसंच. १९६१ ते १९७१ जॉन कौपरथ्वेट अर्थसचिव होता. पगारावरचा कर १५ टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही, आणि राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी गोळा करायलाच त्याचा विरोध. आकडे हातात आले की अधिकाऱ्यांना ढवळाढवळ करायची हुक्की येते, असं त्याचं म्हणणं. भाच्यानं इथवर सांगितलं असेल. पण १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपड्या जळाल्या, हजारो लोक उघड्यावर आले, आणि तिथून सरकार घरं बांधायला लागलं. पुढे जवळजवळ निम्मी वस्ती सरकारी किंवा सरकारी मदतीच्या घरांत. आणि जमीन? जवळपास सगळीच सरकारच्या मालकीची, पट्ट्यानं दिलेली. कायमच्या मालकीची म्हणून एक सेंट जॉन कॅथीड्रल सांगतात. कर कमी ठेवता आला कारण सरकार स्वतःच सगळ्यांत मोठं जमीनदार होतं.

---

खुला_बाजार:

कॅथीड्रलचं माहीत नव्हतं. नोंद केली. पण कारखाने, बंदर, आयात-निर्यात मोकळी होती आणि चीनमधून जीव मुठीत घेऊन पळालेले लोक तिथे पोहत येत होते. उलटं कोणी पोहत नव्हतं.

---

निंबोणी_सोलापूर:

आयर्लंड लांबचं आहे, आमच्याकडे १८७६-७८ चा दुष्काळ झाला. सोलापूर, नगर, पुणे, विजापूर. हिंदुस्थान सरकारनं सर रिचर्ड टेंपल याला देखरेखीला पाठवलं. त्यानं १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक वाचवले होते, आणि त्यासाठी उधळपट्टीचा ठपका घेतला होता. या खेपेला डाग धुवायला निघाला. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडून एक पौंड! १८७७ मध्ये मजुरांनी कामं सोडून दिली, तो दुष्काळी संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, सार्वजनिक काकांच्या माणसांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रं घातली. धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही हे व्हाइसरॉय लिटनचं धोरण होतं. रेल्वे होती, धान्यही होतं, पण जिथे भाव जास्त तिथे ते गेलं.

---

खुला_बाजार:

निंबोणी, आणि शेतसारा? त्याच वर्षांत दक्षिणेत शेतसाऱ्याची वसुली चालूच होती, रोखीत. १८७५ मध्ये सुपे आणि परिसरात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे वाढवलेला साराही होता. घेताना सरकार असतं आणि द्यायच्या वेळी 'बाजार' असतो. ज्योतिरावांनी शेतकऱ्याच्या हलाखीबद्दल लिहिताना पट्ट्या, कर आणि सरकारी कामगारांची (म्हणजे अधिकाऱ्यांची) नावं घेऊन कोरडे ओढलेत. मला ते आमच्या परंपरेतले वाटतात.

---

शंकेखोर:

थांबा हं. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेन वाचला, खरं. पण त्याच पेननं माणसाच्या हक्कांवरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात म्हाताऱ्यांना पेन्शन मांडलंय. पन्नाशीनंतर वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा, आणि तेही कराच्या पैशातून. जोतीरावांनीही सरकारकडे मुलांच्या शाळा मागितल्या, तळी-बंधारे मागितले. तुम्ही अर्धे फुले घेताय.

---

बांधावरून:

मी पांढरकवड्याकडचा. वाद मोठे चालले आहेत, मी आपला घरचा किस्सा टाकतो.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. पिकवला की सरकारलाच द्यायचा. खासगी व्यापाऱ्याला विकला की गुन्हा, राज्याबाहेर नेला की गुन्हा. केंद्रावर ग्रेडर बोंड हातात धरून प्रत ठरवायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. आमच्याकडे पैनगंगा ओलांडली की तेव्हाचं आंध्र, आदिलाबाद. तिथे व्यापारी रोख मोजायचा. मी सातवीत होतो. बाबा आणि काका रात्री गाडी जुंपायचे, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा सोडून आमच्या उशाशी ठेवायचे. झोपेत हात लागला की कळायचं, आज गाडी गेली. पहाटे परत आले की आई घोंगडीला चिकटलेला कापूस दारात बसून वेचून काढायची, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. स्वतःच्या रानातला कापूस! आम्ही काही गांजा पिकवला नव्हता.

पुढे शरद जोशींची सभा ऐकली. 'भीक नको, हवे घामाचे दाम'. हा माणूस स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला, १९८० मध्ये कांद्यासाठी रस्त्यावर बसला. सगळे पुढारी कर्ज द्या, खत द्या म्हणत असताना हा म्हणायचा, काही देऊ नका, फक्त आमच्या मधून उठा. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला देशभर शिव्या पडत असताना यानं पाठिंबा दिला. माझ्या बाबांनी मुक्त बाजाराचा अर्थतज्ज्ञ हायेक कोण ते मरेपर्यंत ऐकलं नाही. पण घागरमाळा काढायला लावणारं सरकार काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाच्याला म्हणावं, तो धडा इथे आहे.

---

निळी_शाई:

बांधावरून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'आई घोंगडीला चिकटलेला कापूस वेचायची' हे वाक्य मी तीस वर्षांत वर्गात सांगितलेल्या कुठल्याही सनावळीपेक्षा जास्त सांगून जातं.

---

कोकमसार:

बांधावरून +१. आणि २०२३ ला ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. फरक एवढाच की १८१५ चे इंग्रज जमीनदाराच्या बाजूनं भाव चढे ठेवत होते, आपण खाणाऱ्याच्या बाजूनं पाडतो. लगाम तोच.

---

रविवारची_दुपार:

फरक 'एवढाच' नाही हो. शहरातला हातगाडीवाला साठ रुपये किलोनं कांदा घेतो तेव्हा तो जमीनदार नसतो.

---

कोकमसार:

मग हातगाडीवाल्याला पैसे द्या. लासलगावच्या माणसाच्या खिशातून का?

---

पाणवठा:

बराच वेळ वाचत होते. सगळी चर्चा सरकार विरुद्ध माणूस अशी चाललीय. मला एक वेगळीच जागा दाखवायची आहे.

महाड, १९२७. चवदार तळं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा सगळ्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. म्हणजे सरकारनं अडवलं नव्हतं. कागदावर दार उघडं होतं. आणि तरीही कोणी पाणी प्यायला जाऊ शकत नव्हतं. २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो माणसं जाऊन पाणी प्यायली, तर गावानं मंडपात शिरून जेवत्या माणसांना मारलं. मग शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं.

तुमच्या सिद्धांतात हिसकावणारा म्हणजे सरकार. इथे हिसकावणारा शेजारी होता, किराणावाला होता, न्हावी होता. सगळे 'स्वेच्छेनं' वागणारे. कोणी जबरदस्तीचा कायदा केला नव्हता, प्रत्येक जण आपापला 'करार' नाकारत होता. दुकानदार माल देत नाही, शेतमालक काम देत नाही. बहिष्कार हा संपूर्णपणे खासगी असतो. माझ्या आजोबांनी गाव सोडलं ते कुठल्या कलेक्टरमुळे नाही.

बाबासाहेबांनी पुढे लिहिलंय की सरकारच्या हातून सुटका म्हणजे अनेकदा खासगी मालकाच्या हुकमतीत जाणं. शब्द माझे आहेत, भाव तोच. हायेक, नोझिक सगळं ठीक आहे. पण तुमच्या चष्म्यातून गाव दिसतच नाही.

---

शंकेखोर:

पाणवठा, सगळ्या धाग्यातला सर्वांत भक्कम प्रतिसाद.

आगरकर आठवले. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेला माणूस, आणि स्पेन्सर तर सरकारच्या नावानं बोटं मोडणारा. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला, वय १० वरून १२ करायला. टिळकपक्ष म्हणत होता, सरकारनं समाजात लुडबूड करू नये. तर्क ऐकायला चोख लिबर्टेरियन. आणि आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे! कारण दहा वर्षांच्या पोरीला 'स्वेच्छा' कुठली?

---

जुना_गूळ:

शंकेखोर, टिळकांचा मुद्दा परक्या सरकारचा होता, तेवढा फरक ठेवा. बाकी बरोबर. आमच्या घरात या विषयावर दोन पिढ्या भांडण होतं, जेवणाच्या पाटावरून.

---

चिंचोके:

काका, तुमच्या घरातली भांडणं पण मुंबई इलाख्याच्या नोंदीत असतील.

---

खुला_बाजार:

पाणवठा, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

माझं पहिलं, तयार उत्तर हे होतं की महाडलाही शेवटी न्यायालयानं, म्हणजे सरकारी यंत्रणेनंच, सत्याग्रहाला आडकाठी केली. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आणि मंडपात शिरून मारणं हा आमच्या हिशेबातही उघड गुन्हा आहे. तो सरकारनं थांबवायलाच हवा होता.

हे लिहून झालं आणि मग खोडलं. कारण मारहाण झाली नसती, नुसता बहिष्कार असता, तर माझा सिद्धांत काय म्हणाला असता? 'दुकानदाराची मर्जी.' आणि ते मला पटत नाही. मालमत्ता, करार, सगळं धरून ठेवलं तरी गावानं एका माणसाला मीठ विकायचं नाही असं ठरवलं तर तो मोकळा नाही, हे दिसतं. त्यासाठी माझ्या खिशात आयतं उत्तर नाही. आमच्यातले काही म्हणतात, बाजार वाढला की दुकानदाराला पैसा दिसतो आणि जात विरते. काही ठिकाणी विरतेही. पण तोवर त्या माणसानं मीठ कुठून आणायचं?

---

पाणवठा:

खोडलं ते सांगितलंत, हे आवडलं.

---

बांधावरून:

जोशीसाहेबांनी बायकांच्या नावानं जमीन करायला लावली होती, लक्ष्मीमुक्ती. सरकारी हुकूम नाही, नवऱ्यानं आपण होऊन सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायचं. आमच्या गावातही काहींनी केलं. स्वेच्छेनं गाव हलतं. पण किती हललं विचाराल तर हाताच्या बोटांवर. माझ्या बाबांनी नाही केलं. आईच्या नावानं आजही काही नाही.

---

निळी_शाई:

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण काल भाच्याचा फोन आला आणि मी हा सगळा धागा त्याला वाचून दाखवला. पाणवठा यांच्या प्रतिसादापाशी तो गप्प झाला. तो गप्प होणं ही आमच्या घरात घटना असते. मग म्हणाला, "मावशी, पण आयर्लंडची जमीन शेवटी कोणाची झाली?"

मला माहीत नव्हतं, म्हणून वाचलं. जमीन शेवटी कुळांची झाली, पण ती सरकारच्या पैशानं. जमीनदारांविरुद्ध आंदोलनं झाली. बॉयकॉट हा शब्दही तिथलाच. कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर १८८० मध्ये लोकांनी बहिष्कार टाकला. (पाणवठा, याची गंमत बघा. तिथे बहिष्कार गरिबांचं हत्यार झाला!) मग १९०३ च्या वाइंडहॅम कायद्यानं सरकारनं कुळांना कर्ज दिलं, जमीनदाराला पूर्ण किंमत, वर बारा टक्के बक्षीस, आणि कुळानं ६८ वर्षांहून जास्त काळ हप्ते फेडायचे.

खुला_बाजार, तुमचा नोझिक म्हणतो लूट दुरुस्त करा. इथे लुटारूच्या वारसाला भाव मिळाला, बक्षीस मिळालं आणि लुटल्या गेलेल्याच्या नातवानं हप्ते भरले. ही दुरुस्ती झाली का?

---

डब्लिनवारी:

ताई, पुढचं मी सांगतो. हप्ते पूर्ण फिटलेच नाहीत. १९३२ मध्ये आयरिश सरकारचा प्रमुख डी व्हॅलेरा यानं ब्रिटनला हप्ते पाठवणं थांबवलं. ब्रिटननं आयरिश गुरांवर आयात कर लावला, आयरिशांनी ब्रिटिश कोळशावर वगैरे. वासरं इतकी पडून राहिली की कातडीसाठी मारली गेली. १९३८ मध्ये एकरकमी एक कोटी पौंडांवर तडजोड झाली.

गव्हाच्या आयातबंदीनं सुरू झालेला धागा गुरांच्या आयातकरावर आला.

---

खुला_बाजार:

ताई, नाही. ती दुरुस्ती नव्हती. पण हप्ते बुडवले ती दुरुस्ती होती असं म्हटलं तर मी करार मोडण्याच्या बाजूनं उभा राहतो. वाचून परत येतो. बहुधा आठवडाभर लागेल.

---

चिंचोके:

तोवर पॉपकॉर्न संपले. कोणी मका पाठवेल का? गुपचूप पाठवा, व्यापारी बिथरतील.